पाच डॉक्टर, एक पेशंट आणि निरोप्या मी

मुग्धा_पेठकर

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, आज पहिल्यांदाच अख्खी रात्र दवाखान्याच्या बाकड्यावर नाही तर स्वतःच्या घरात आहे म्हणून लिहून टाकते. लांबण लागणार आहे, आधीच सांगते.

सासरे, वय ७४. डायबेटिस २२ वर्षं, २०११ ला बायपास झालीय, किडनी चार वर्षांपासून कमजोर, क्रिएटिनिन (रक्तातला आकडा, किडनी बिघडली की वाढतो) दोनच्या आसपास असतं. डाव्या अंगठ्याला जखम आहे ती भरत नाहीये. मागच्या महिन्यात पायावर सूज चढली, आडवं झालं की दम लागायला लागला, म्हणून पुण्यातल्याच एका मोठ्या प्रायव्हेट हॉस्पिटलात अ‍ॅडमिट केलं. नाव लिहीत नाही आणि विचारूही नका, शेजारच्या हॉस्पिटलात काही वेगळं घडलं असतं असं मला वाटत नाही.

अ‍ॅडमिट कार्डिओच्या नावाखाली. मग शुगरसाठी एंडोक्राइन, क्रिएटिनिनसाठी नेफ्रो, पायासाठी सर्जन, आणि पडून पडून खांदा आखडला म्हणून ऑर्थो. पाच डॉक्टर. पाचही जण आपापल्या विषयात चांगले, कोणी उद्धट नाही, हयगय केली असंही म्हणणार नाही. पण अकरा दिवसांत यातले कुठलेही दोन जण एका वेळी बाबांच्या कॉटपाशी उभे मी बघितले नाहीत.

सकाळी साडेसातला कार्डिओ येणार, पाणी दिवसाला एक लिटरच्या वर नको, सूज उतरवायचीय. अकराला नेफ्रोचे ज्युनियर येणार, लघवीच्या गोळीनं क्रिएटिनिन वर चाललंय, डोस कमी करता येतो का ते कार्डिओच्या सरांना विचारा. कोणी विचारायचं? तर मी. सर परत येणार उद्या साडेसातला, आणि उद्या साडेसातला मी नेमकी खाली कँटीनच्या चहाच्या रांगेत, वर येईपर्यंत राउंड संपलेला. निरोप राहिला. दुसऱ्या दिवशी नेफ्रोवाले मलाच विचारतात, मग काय म्हणाले सर? अहो तुम्ही एकाच बिल्डिंगमध्ये बसता ना, खिशात फोन आहे ना दोघांच्या? मी कॉमर्सवाली बाई, टोर्सेमाइड, म्हणजे ती लघवीची गोळी, २० का ४० याचा निरोप माझ्यामार्फत कशाला.

तिसऱ्या दिवशी पोटाची सोनोग्राफी होती. कॉटला पाटी लावली, काही खायला द्यायचं नाही. इन्सुलिनचा चार्ट वेगळा, त्यावर एंडोक्राइनवाल्यांनी लिहिलेलं सकाळचं इन्सुलिन, तर ते सिस्टरनी साडेसातला देऊन टाकलं, तिच्या चार्टवर होतं ते तिनं केलं. सोनोग्राफीचा नंबर लागला पावणेबाराला. त्याच्या आधी दहाच्या सुमारास बाबा मला "वसू, दार लाव" म्हणायला लागले. वसू म्हणजे त्यांची धाकटी बहीण, तिला जाऊन तीस वर्षं झाली. बनियन घामानं भिजलेलं, हात बर्फासारखे. शुगर ५२. ग्लुकोज लावल्यावर दहा मिनिटांत ताळ्यावर आले, आणि पहिलं वाक्य काय, तर चहा अजून आला नाही का.

आणि पाचव्या दिवशी पोटॅशियम ६.३. नॉर्मल पाचपर्यंत असतं म्हणे. धावपळ, ईसीजी, कॅल्शियमचं इंजेक्शन, ग्लुकोजमधून इन्सुलिन, आयसीयूत दोन रात्री. नेफ्रोवाले मला विचारतात, घरून काही खायला आणता का? मी आणत नव्हते. पण रोज अकराला हॉस्पिटलच्याच किचनमधून शहाळ्याचं पाणी येत होतं! आहाराच्या कागदावर छापलेलंच होतं, 'द्रवपदार्थ भरपूर, नारळपाणी'. शिवाय आत्याबाई दोन शहाळी घेऊन आलेल्या, आपल्याकडे पेशंटला बघायला जाताना दुसरं नेतं कोण काय. नारळपाण्यात पोटॅशियम ठासून असतं हे मला त्या दिवशी कळलं, किचनला अजून कळलं नसेल.

त्या रात्री आंघोळीला घरी आले आणि झोप येईना म्हणून औषधांची पिशवी डायनिंग टेबलावर उपडी केली. सगळ्या स्ट्रिपा ओळीनं मांडल्या, मोबाइलचा टॉर्च लावून मागची मुंगीच्या पायाएवढी अक्षरं वाचत बसले. बीपीच्या दोन गोळ्या, दोन कंपन्यांच्या, एक निळी पट्टी एक चंदेरी. एकीत टेल्मिसार्टन, दुसरीत टेल्मिसार्टन आणि अमलोडिपिन. एक आमच्या जुन्या डॉक्टरांनी दिलेली, एक कार्डिओच्या ओपीडीतली. घरी कधीपासून दोन्ही चालू होत्या देव जाणे, आणि अ‍ॅडमिट करताना मीच शहाण्यासारखी पिशवी दिली तर त्यावरून दोन्ही गोळ्या ब्रँडच्या नावानं चार्टवर चढल्या. त्यात हृदयासाठी स्पायरोनोलॅक्टोन नवीन सुरू केलेलं. नंतर कळलं की टेल्मिसार्टन काय, स्पायरोनोलॅक्टोन काय, दोन्ही पोटॅशियम वाढवणारी, त्यात किडनी अशी. पाच डॉक्टरांनी तो चार्ट रोज बघितला असणार, प्रत्येकानं आपापली ओळ बघितली.

माझा प्रश्न साधा आहे. सगळी पानं एकत्र वाचणं हे हॉस्पिटलात नेमकं कोणाचं काम असतं? आणि ज्यांच्या घरी असे चार-पाच आजारवाले पेशंट आहेत ते काय करतात?

बोरीची_बार

+१, अक्षरशः आमचीच स्टोरी. फक्त आमच्याकडे सहा डॉक्टर होते. आणि प्रत्येकाची व्हिजिट फी बिलात वेगळी, 'थँक्स फॉर रेफरन्स' एवढं एक वाक्य लिहून गेले त्यांचीसुद्धा.

पूर्वाश्रमीचा_रेसिडेंट

मुग्धाताई, आतली बाजू सांगतो, समर्थन समजू नका.

प्रश्नाचं कागदावरचं उत्तर, ज्यांच्या नावाखाली पेशंट अ‍ॅडमिट आहे ते प्रायमरी कन्सल्टंट. बाकी सगळे फक्त ओपिनियन देतात, ते अमलात आणायचं का नाही ते प्रायमरीनं ठरवायचं. प्रत्यक्षात होतं काय की किडनीबद्दल नेफ्रोनं लिहिलं की प्रायमरी त्यावर बोलत नाही, उगाच दुसऱ्याच्या विषयात कशाला. आणि नेफ्रोला वाटतं, आपण तर फक्त सल्ला दिलाय, बघतील ते. दोघंही सभ्यपणा दाखवतात आणि मधल्या मधे पेशंटचं पोटॅशियम ६.३ होतं.

दुसरं म्हणजे प्रायव्हेटमधले बरेचसे मोठे डॉक्टर पगारी नसतात, व्हिजिटिंग असतात. सकाळी तुमच्याकडे, दुपारी कोथरूड, संध्याकाळी स्वतःची ओपीडी. त्यांची एकमेकांशी गाठ लग्नात नाहीतर कॉन्फरन्सला.

मी सरकारी कॉलेजात शिकलो, तिथलं निराळं. तिथे 'कॉल' असतो. म्हणजे दुसऱ्या डिपार्टमेंटचं मत हवं तर आम्ही चिठ्ठी लिहायची, इंटर्ननं ती घेऊन तीन मजले चढायचे, तिथला रेसिडेंट ऑपरेशन थिएटरात, चिठ्ठी सिस्टरच्या काउंटरवर ट्रेखाली. मी स्वतः एक सर्जरीचा कॉल दोन दिवसांनी त्याच ट्रेखाली चहाचा डाग पडलेल्या अवस्थेत शोधून काढलाय. आणि ऑपरेशनआधीच्या फिटनेसचा खेळ तर विचारूच नका, भूलतज्ज्ञ म्हणणार कार्डिओचा फिटनेस आणा, कार्डिओ म्हणणार आधी टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, इकोची तारीख पंधरा दिवसांनी, तोवर ब्लड रिपोर्ट जुने झाले ते परत करा.

शुगर ५२ चा किस्सा वाचून मात्र काटा आला. उपाशी ठेवलेल्या पेशंटला ठरल्याप्रमाणे इन्सुलिन जाता कामा नये हे आम्हाला पहिल्या वर्षी सगळ्यात आधी बजावतात, आणि तरी प्रत्येक वॉर्डात वर्षातून एकदा होतंच. पाटी कॉटला आणि चार्ट ट्रॉलीवर, दोन्हींची भेट पेशंटच्या रक्तात.

खडूस_खानापूरकर

"समर्थन समजू नका" म्हणून पाच परिच्छेद समर्थनच केलंय की राव. सभ्यपणा कसला, कोणी अंगावर घ्यायला तयार नाही म्हणा सरळ. गॅरेजमध्ये गाडी दिली तर तिथेसुद्धा एक सुपरवायझर असतो, जॉबकार्ड त्याच्याकडे. इलेक्ट्रिशियन आणि डेंटिंगवाला मालकाला नाही विचारत बसत की तुमचं आपसात काय ठरलं.

पूर्वाश्रमीचा_रेसिडेंट

@खडूस, जॉबकार्ड मुद्दा मान्य. फक्त गाडी चालू ठेवून इंजिन उघडायचं नसतं गॅरेजवाल्याला.

कृष्णाकाठची

आमचं प्रकरण वेगळं पण मूळ तेच. आईला तरुणपणी संधिवाताचा ताप येऊन गेलेला, त्यानं मायट्रल व्हॉल्व्ह खराब झाला, मग धातूचा बसवला. तेव्हापासून रक्त पातळ राहायची गोळी, एसिट्रॉम, दर महिन्याला आयएनआर (रक्त किती पातळ आहे त्याचा आकडा) तपासायचा, तो अडीच ते साडेतीनमध्ये ठेवायचा. बारा वर्षं सुरळीत. गोळीचा डोस वहीत लिहिलेला, आई ती वही देवघरात ठेवते.

गेल्या वर्षी खोकला जाईना, टीबी निघाला. सरकारी केंद्रातून औषधं मिळाली, तिथली माणसं खूप चांगली, घरी येऊन विचारपूस करायची. पण त्या औषधांत रिफाम्पिसिन असतं आणि त्यामुळे लिव्हर एसिट्रॉमचा फडशा फार भराभर पाडतं, गोळी घेऊनही रक्त पातळ राहत नाही. हे टीबीवाल्यांना सांगायचं सुचलं नाही, आणि हार्टवाल्यांना टीबी झालाय हेच माहीत नाही, त्यांची तारीख तीन महिन्यांनी. लॅबवाला पोरगा, हो लॅबवाला, रिपोर्ट देताना म्हणाला मावशी तुमचा आकडा कायम तीनच्या आसपास असतो, यावेळी १.२ कसा? त्याच्यामुळे वाचलो. व्हॉल्व्हवर गाठ धरली असती तर संपलंच होतं.

त्याहून धोक्याचा पुढचा भाग. डोस जवळजवळ दुप्पट करून आकडा आणला जागेवर. सहा महिन्यांनी टीबीचा कोर्स संपला, पेढे वाटले. आता रिफाम्पिसिन बंद म्हणजे तो दुप्पट डोस अंगावर येणार, रक्त फार पातळ होणार, हे कोण सांगणार? कोर्स संपल्याची खबर हार्टवाल्यांकडे जायची काही सोयच नाही. यावेळी मी आधीच हुशार झालेले, दर चार दिवसांनी आयएनआर करत डोस हळूहळू खाली आणला, अर्थात डॉक्टरांना फोन करून, मनानं नाही. पण ज्याच्या घरी देवघरात वही नाही त्याचं काय.

मुग्धा_पेठकर

कृष्णाकाठची, बापरे. तो लॅबवाला मुलगा म्हणजे अख्ख्या गोष्टीतला एकमेव माणूस ज्यानं जुना कागद आणि नवा कागद शेजारी ठेवले.

तिरपागडे_आजोबा

तुम्हा सर्वांना जे पद हवे आहे ते पूर्वी अस्तित्वात होते, त्याला फ्यामिली डॉक्टर म्हणत. आमचे डॉक्टर शनिवार पेठेत बसत. माझ्या वडिलांना मोठ्या डॉक्टरकडे पाठवले तर चिठ्ठी देत, आणि मोठा डॉक्टर उलट चिठ्ठी त्यांनाच धाडी, आम्हाला नव्हे. औषध बदलले तर आमचे डॉक्टर जुने खोडत. वारले. मुलगा अमेरिकेत. दवाखान्याच्या जागी आता मोबाइलची कव्हरे मिळतात.

लेस्टरकर

मी इथे इंग्लंडमध्ये वॉर्डवर नर्स आहे, मूळ गाव चिपळूण. इथे अजून तुमच्या शनिवारातल्या डॉक्टरांसारखी जीपीची पद्धत आहे, डिस्चार्जचं पत्र जीपीला जातं, औषधांची यादी त्याच्याकडे. आणि अ‍ॅडमिट झाल्यावर २४ तासांच्या आत पेशंट घरी काय काय घेतो त्याची यादी पडताळून बघायची असं इथल्या नाइसच्या (उपचारांच्या गाइडलाइन काढणारी सरकारी संस्था) २०१५ च्या गाइडलाइनमध्येच आहे, आमच्याकडे ते वॉर्डचा फार्मासिस्ट करतो. तो स्ट्रिपा बघतो, जीपीच्या रेकॉर्डशी जुळवतो, लागलं तर घरी फोन लावतो. मुग्धाने डायनिंग टेबलावर रात्री जे केलं ना, तेच काम, फक्त त्याचा त्याला पगार मिळतो.

सगळं गोड आहे असं नाही हं. तज्ज्ञांची वेटिंग लिस्ट बघून इकडचे मराठी लोक सुट्टीत पुण्या-मुंबईला येऊन तपासण्या उरकून जातात. आणि पत्र जातं म्हणजे वाचलं जातंच असंही नाही.

औषधवाला_अण्णा

केमिस्ट आहे, ३० वर्षं दुकानात उभा. एकच औषध दोन नावांनी घेणारे महिन्याला दोन-तीन तरी सापडतात, आणि हे फक्त सापडलेले. जेनेरिक नाव मोठ्या सुवाच्य अक्षरात लिहावं असा नियम २०१६ मध्येच आलाय डॉक्टरांसाठी, किती लिहितात ते आमचे डोळे जाणतात.

पण खरं सांगू, ते सापडतं कधी, तर सगळी औषधं एकाच दुकानातून घेतली तर. हल्ली अर्धी अ‍ॅपवरून डिस्काउंटमध्ये, अर्धी हॉस्पिटलच्या आवारातल्या दुकानातून आणि माझ्याकडे फक्त इसबगोल. मला कसं कळणार पोटात काय काय चाललंय.

माझी पुतणी फार्म डी झाली, सहा वर्षांचा कोर्स, आपल्याकडे २००८ पासून आहे. शिकली हेच, चार्ट तपासणं, कुठलं औषध कुठल्या औषधाशी भांडतं ते. हॉस्पिटलात नोकरी लागली तर बसवलं खरेदीच्या टेबलावर. स्टॉक मोजते.

रानजाई

वाचतेय सगळं पण एक सांगू का, राग मानू नका, तुमच्याकडे निदान निरोप्या आहे. इंग्रजी वाचणारी सून आहे, टॉर्च मारून कंपोझिशन वाचणारी.

मी नांदेड भागात काम करते, पेशंटांबरोबर शहरात जाणं हेच काम. तालुक्याहून येणारी बाई, किडनी पण आहे आणि हार्ट पण. एकाची ओपीडी मंगळवारी, दुसऱ्याची शुक्रवारी. दोन एसटी बदलून यायचं, दोन दिवसांची मजुरी गेली, सोबतच्या माणसाचीही गेली. मंगळवारचे डॉक्टर म्हणतात शुक्रवारी दाखवून मग परत या. ती परत येत नाही. नंतर केस पेपरवर लिहिलं जातं, पेशंट फॉलोअपला आला नाही.

जनआरोग्य योजनेचं पण बघा. योजना चांगलीच आहे, मी कितीतरी ऑपरेशनं तिच्यात करून घेतलीत, फुकट. पण मंजुरी पॅकेजला मिळते. अमुक ऑपरेशन, तमुक पॅकेज. हॉस्पिटलातला योजनेचा माणूस, आरोग्यमित्र, बिचारा खटपट करतो, पण बाईला चार आजार आहेत आणि चौघांचा मिळून विचार करायचा याला पॅकेज नाही.

आणि कागद. प्लास्टिकच्या पिशवीत सगळं, वर रबर. मागच्या पावसाळ्यात एकीचा डिस्चार्ज पेपर भिजला, शाई फुटली, त्यावरून डॉक्टर तिच्यावर ओरडले. आभा कार्ड, ते सरकारी डिजिटल हेल्थ कार्ड, काढलंय तिचं, चौदा आकडी नंबर. त्याचा उपयोग आजवर एवढाच झाला की क्यूआर स्कॅन करून केस पेपरची रांग वाचली. हेही कमी नाही म्हणा.

खडूस_खानापूरकर

रानजाई, हे वाचून गप्प बसलो.

सुपारीफुटी

थोडं चांगलंही लिहिते. आईचा ब्रेस्ट कॅन्सर परळच्या टाटा मेमोरियलमध्ये केला. गर्दी प्रचंड, फूटपाथवर पथारी टाकलेली माणसं, सगळं खरं. पण तिथे अवयवाप्रमाणे गट आहेत, डिसीज मॅनेजमेंट ग्रुप म्हणतात. सर्जन, किमोवाले, रेडिएशनवाले सगळे त्या गटाचे. आधी किमो मग ऑपरेशन हे त्यांनी आपसात ठरवलं आणि आम्हाला एकच उत्तर मिळालं. म्हणजे आपल्याकडे जमत नाही असं नाहीये.

पूर्वाश्रमीचा_रेसिडेंट

@सुपारीफुटी, बरोबर, पण तिथे आजार एक आहे, त्याच्याभोवती गट बसतो. मुग्धाताईंच्या बाबांचा गट कशाभोवती बसवणार? हृदय, किडनी, साखर, पाय. यातला मुख्य आजार कोणता हेच पाच जण पाच सांगतील. अशा पेशंटला खरं तर जुन्या पद्धतीचा जनरल फिजिशियन लागतो, एमडी मेडिसिन. पण एमडी झालेल्या पोरांना लगेच पुढे डीएम, म्हणजे एकाच अवयवाचं स्पेशलायझेशन, करायचं असतं, मीही तेच केलं, खोटं कशाला बोलू.

मुग्धाताई, एक कामाचं. इनडोअर पेपर्सची, म्हणजे अ‍ॅडमिट असतानाच्या सगळ्या कागदांची, पूर्ण कॉपी मागून घ्या, नुसती डिस्चार्ज समरी नको. लेखी मागितल्यावर ७२ तासांत द्यायची हे मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांत आहे. झेरॉक्सचे पैसे घेतील, घेऊ देत.

मुग्धा_पेठकर

सगळ्यांचे आभार, एकेकाला उत्तर देत बसत नाही, उद्या पहाटे उठायचंय.

अपडेट देते. कृष्णाकाठच्या देवघरातल्या वहीवरून सुचलं ते केलं. एक पान. डाव्या बाजूला औषधाचं खरं नाव, कंपनीचं नाही, मग डोस, मग कोणी सुरू केलं, कशासाठी, आणि शेवटी 'कोणाला माहीत नाही' असा रकाना. नवरा हसला त्या रकान्याला. पण तोच सगळ्यात जास्त भरला.

काल ते पान घेऊन नेफ्रोच्या ओपीडीत गेले. डॉक्टरांनी वाचलं, शेवटच्या रकान्यावर थांबले, चष्मा काढला, परत घातला. मग माझ्यासमोरच मोबाइल उचलून कार्डिओच्या सरांना लावला. "अरे तुझा तो पेशंट..." दोघं एकाच कॉलेजचे निघाले, अरे-तुरेतले! टोर्सेमाइड किती, टेल्मिसार्टन सध्या बंदच ठेवू, स्पायरोनोलॅक्टोन नको, पाणी सव्वा लिटर, पोटॅशियम आठवड्यानं परत. सवयीनं मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. चार मिनिटंसुद्धा झाली नाहीत. मला आनंद व्हायला हवा होता, पण बाहेर येऊन पार्किंगमध्ये स्कूटरवर बसून मी रडले, का ते मला नीट सांगता येणार नाही.

रानजाई, पान मी मराठीत पण बनवतेय, मोठ्या अक्षरात, लॅमिनेट करता येईल असं. तुम्हाला पाठवते, तुमच्या बायकांना चालेल का बघा. औषधांची नावं देवनागरीत लिहिली तर डॉक्टर वाचतील ना? का दोन्ही लिहू?

बाबा बरे आहेत. शहाळं मागतात रोज. पायाच्या अंगठ्याचं छोटं ऑपरेशन ठरलंय, त्यासाठी फिटनेस हवा, भूलतज्ज्ञ म्हणाल्या टूडी इको नवीन लागेल. आधीचा नऊ दिवसांपूर्वीचा आहे, त्याच हॉस्पिटलातला, त्याच फाइलमध्ये. उद्या सातला जाऊन नंबर लावायचाय.